सहावा बाक

रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीतून छातीचे ठोके ऐकू येतात. सगळ्यांनाच येत असतील; मला ते 59 वर्षं कधी ऐकू आले नव्हते, एवढं खरं. गेल्या दिवाळीनंतर दवाखान्यातून घरी आले, पहिल्या रात्री कान उशीला टेकला आणि धप्, धप् सुरू झालं. उजव्या कुशीवर वळले. मग उताणी झाले. मग उठून बसले आणि स्वतःचं मनगट धरलं. एक ठोका जरा उशिरा आला असं वाटलं आणि तळहात ओले झाले. हे शेजारी जागेच होते. "काय होतंय?" "काही नाही." पुढचे अडीच महिने रात्री आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं.

झटका आला तेव्हा मी फराळाचे डबे धुऊन पालथे घालत होते. छातीत कळ आली नाही. जबडा दुखत होता, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणी मूठ रोवल्यासारखं वाटत होतं आणि मळमळत होतं. तळलेलं जास्त खाल्लं गेलं म्हणून ओवा चावला आणि तीन तास घालवले. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असा आडवाटेनं येतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते तीन तास वाचले असते, म्हणून पहिल्यांदा तेच लिहून ठेवते. पुढे अँजिओप्लास्टी झाली, डावीकडच्या मोठ्या धमनीत एक स्टेंट बसला, आणि इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर आकडा आला: पंपिंग 42 टक्के.

31 वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला 42 टक्के म्हटल्यावर काय वाटणार? काठावर पास. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत उरलेले 58 टक्के मी मनातल्या मनात गमावून बसले होते. फार नंतर कळलं की धडधाकट हृदयसुद्धा दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर ढकलत नाही. 55 ते 70 टक्के ही चांगली पातळी धरतात. म्हणजे माझा हिशेब 100 मधून नव्हे, 60 च्या आसपास मांडायला हवा होता. एवढं एक वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं! डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या 9 ओळी होत्या, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, सगळं नीट. व्यायामाबद्दल दोन शब्द: "हलका व्यायाम." मनाबद्दल एकही नाही. त्या माणसांनी माझा जीव वाचवला, हे मी कधी विसरणार नाही. पण माणूस घरी जातो तेव्हा त्याची भीतीही त्याच रिक्षात बसून घरी जाते. तिची एखादी ओळ त्या कागदावर हवी होती.

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. 34 पायऱ्या. त्यामुळे वर आले ती वरच राहिले. चहा ह्यांनी करायला घेतला, सूनबाईनं पुण्याहून फोनवर स्वयंपाकाच्या बाईंची सोय लावली, आणि भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना "आता फक्त आराम" म्हणून जायचा. सगळे मायेनंच म्हणत. मी खुर्चीत बसायची आणि आत काय चाललंय तिकडे कान लावून राहायची. कुकरच्या शिट्टीला दचकायची. रडू येत नव्हतं, आलं असतं तर बरं वाटलं असतं. रेडिओ लावावासा वाटेना, कुणाचा फोन घ्यावासा वाटेना. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्च्यांवर चढून "काप्यो छे!" ओरडत होतं आणि मी खिडक्या लावून आत पडून होते. दर आरोळीला छातीत धस्स व्हायचं. खालच्या बेन उंधियूची वाटी घेऊन आल्या, माझ्याकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या, मग ह्यांना बाहेर बोलावून म्हणाल्या, "भाई, आने आराम ना कहेवाय." ह्याला आराम म्हणत नाहीत.

बेनना जे एका नजरेत कळलं ते डॉक्टरी विद्येला कळायला बराच काळ लागला. 20 व्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या माणसाला सहा सहा आठवडे पलंगावर निजवून ठेवत. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पलंगावरून उतरवून नुसतं खुर्चीत बसवायला सुरुवात केली, 1952 साली तसं लिहिलं, तर तेवढंही पुष्कळांना धाडस वाटलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पण मला मनापासून जवळचा वाटतो तो त्याच्याही खूप आधीचा, 18 व्या शतकातला एक माणूस. अँजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत येणाऱ्या कळेचं, पहिलं सविस्तर वर्णन करणारे विल्यम हेबर्डन त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहून गेले आहेत: त्यानं रोज अर्धा तास लाकूड कापायचं ठरवलं आणि तो जवळजवळ बरा झाला. नाव नाही, गाव नाही. पहिल्या दिवशी करवत हातात घेताना त्याला काय वाटलं असेल, हे मला फार विचारावंसं वाटतं.

जानेवारीच्या शेवटी ह्यांनी एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता शोधून काढला. पंचविशीची गुजराती मुलगी. तिनं फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, "मासी, ऊंघ आवे छे?" झोप येते का. अडीच महिन्यांत मला पहिल्यांदा रडू आलं ते तिथे. तिनं पाणी दिलं, माझं होईपर्यंत थांबली आणि सांगितलं की झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं, आणि नुसती भीती म्हणाल तर आणखी कितीतरी जणांना. हा माझा हळवेपणा नव्हता, दुखण्याचाच भाग होता. मग कॉरिडॉरमध्ये 30 मीटरवर दोन खुणा ठेवून तिनं मला सहा मिनिटं चालायला लावलं. हवं तिथे थांबायची मुभा. मी दोनदा थांबले. 270 मीटर झाले.

भिंतीवर एक तक्ता होता, 6 पासून 20 पर्यंत आकड्यांचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेला. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे यापुढे एक पाऊलही शक्य नाही. सुरुवात 6 पासून अशासाठी, की आकड्याला 10 नं गुणलं की निरोगी माणसाच्या ठोक्यांचा अंदाज येतो. माझ्या ठोक्यांवर मात्र विसंबायचं नव्हतं. मेटोप्रोलॉलची गोळी ठोके मुद्दाम आवरून धरते, त्यामुळे मी दमले तरी नाडी ते बोलेलच असं नाही. मी 11 ते 13 च्या मध्ये राहायचं, आणि त्याची साधी खूण अशी की चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. मी म्हटलं, मी पाढा म्हणेन. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. श्वासासाठी शब्द मधेच तुटला तर पाऊल हळू करायचं. मुलगी हसली आणि तिनं माझ्या कागदावर गुजरातीत "17 नो घडियो" असं लिहून दिलं. तो कागद अजून आहे.

पहिली पाच-सात मिनिटं रमतगमत चालायचं. संपवतानाही एकदम थांबायचं नाही, कारण पाय थबकले की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. जेवल्यावर लगेच नाही, कडक थंडीत पहाटे नाही, उन्हात नाही. जिभेखालची गोळी कायम जवळ. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, भोवळ, यातलं काहीही झालं तर तिथेच बसायचं, सांगितली तशी गोळी घ्यायची, पाच मिनिटांत उतार पडला नाही तर 108 ला फोन. ही मापं माझ्या हृदयाची आहेत. कुणाची झडप फार अरुंद असते, कुणाच्या पायांवरची सूज अजून आवरलेली नसते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालण्याचाही नेम धरू नये.

"हळू" हा शब्द व्यायामाला लावायची आमच्या माहेरी रीत नव्हती. माझे वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले. मुसलमान उस्ताद जुम्मादादांचा आखाडा त्यांच्या शिष्यानं, प्रोफेसर माणिकरावांनी, नावारूपाला आणला. बडोद्याच्या मराठी घरांत आजही त्यांची आठवण निघते. वडील पहाटे जोर काढायचे, खाली सतरंजीवर घामाचा माणूस उमटायचा. व्यायाम झाला की नाही हे त्या ओल्या आकृतीवरून ठरायचं. दम रोखून जोर काढणं माझ्यासारखीला आता वर्ज्य आहे, कारण श्वास कोंडून ताकद लावली की रक्तदाब झपकन चढतो. त्यामुळे सुरुवातीचे दोन आठवडे घरातल्या घरात पाच पाच मिनिटं फेऱ्या मारताना मला खोटं काहीतरी करतोय असं वाटायचं. वडील असते तर काय म्हणाले असते? खूप विचार केल्यावर आठवलं की आखाड्यात नव्या पोराला ते पहिल्या दिवशी पाचच जोर काढू द्यायचे. सहावा काढला तर रागवायचे.

फेब्रुवारीत कमाटीबाग सुरू झाली. सरकारी नाव सयाजीबाग; 1879 साली सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी करवलेली. काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूनं आत शिरलं की मी बाक मोजायची. मुलीनं मिनिटं मोजायला सांगितली होती, पण भ्यालेल्या माणसाला मिनिटं दिसत नाहीत. बाक दिसतो. पुढची बसायची जागा डोळ्यांसमोर आहे एवढ्यावर पाऊल उचललं जातं. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकापर्यंत. हे एक पाऊल मागे, हातात कापडी बटवा: गोळीची डबी, पाण्याची बाटली, फोन. परत येऊन 34 पायऱ्या चढायच्या म्हणजे खरा डोंगर. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर मधल्या वळणावर निळी प्लास्टिकची खुर्ची. बेननी ठेवलेली. त्या त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही नाही. ती खुर्ची अजून तिथेच आहे.

चौथ्या बाकाजवळ एकदा छाती धडधडायला लागली. आधी दोन ठोके, मग सगळं अंगच ठोक्यांचं. मी बसले. हे बटव्यात हात घालून उभे, चेहरा पांढरा. मी एकेक तपासलं: दाब आहे का, नाही. जबडा, नाही. हात, नाही. गार घाम, नाही. चढावरून जरा भरभर आले होते, पाढा म्हणायचा विसरले होते, बस. म्हटलं, थांबा, बघू या. आणि तिथे बसून मी जन्मात पहिल्यांदा माझे ठोके खाली उतरताना ऐकले. जोरात, मग जरा कमी, मग अंतर पडत गेलं, मग नुसती कानामागे टिकटिक, मग साळुंक्यांचा कलकलाट, जो इतका वेळ चालूच असणार. दोन-तीन मिनिटं लागली असतील.

हे इतकं सविस्तर सांगते कारण मला जे सापडलं ते त्या दोन-तीन मिनिटांत सापडलं. भीतीनं छाती धडधडते आणि चढ चढल्यानंही धडधडते. आत धावणारं रसायन एकच. खुर्चीत बसून राहिलेल्या मला दुसऱ्या प्रकारची धडधड भेटतच नव्हती, म्हणून पहिलीच तेवढी खरी वाटायची. रोज थोडं चालून ती धडधड मी स्वतःहून बोलवायची, आटोक्यातली, माझ्या पावलांच्या लगामातली, आणि तिला परत जाताना बघायची. चालण्यानं झोप सुधारते, रक्तदाबाला मदत होते, हे सगळं आहेच. माझ्या मनाला जे मिळालं ते हे, की वर गेलेलं खाली येतं हे मी रोज सकाळी कानांनी ऐकायला लागले.

त्याच बागेत म्युझियम आहे, 1894 सालच्या इमारतीत. तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली शाळेच्या सहलीत मी किती वर्गांना उभं केलंय त्याला गणती नाही. महीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तरहून जास्त फूट लांब. मुलं शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं टाकत जायची. मार्चमध्ये एकदा तिकीट काढून मी एकटीच त्याच्या फासळ्यांखाली उभी राहिले. इथे हृदय असणार, या पोकळीत. मुलानं मध्यंतरी वाचून दाखवलं होतं: 2019 साली कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एका जिवंत निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून त्याचे ठोके मोजले. खोल बुडी मारली की मिनिटाला दोनपर्यंत उतरायचे, वर येऊन श्वास घेताना 37 पर्यंत चढायचे. एका दिवसात कितीदा तरी, खाली आणि वर. मी एवढी वर्षं मुलांना त्याची लांबीच सांगत राहिले. बराच वेळ उभी होते. रखवालदार येऊन विचारून गेला, "बेन, ठीक छो ने?"

पुढे सगळं सुरळीत झालं नाही. भाचीच्या लग्नात, कार्यालयाच्या गर्दीत आणि बँडच्या आवाजात, पुन्हा तो जुना घाम फुटला. मला बाहेर आणलं, तपासलं, हृदय ठीक होतं. पण त्यानंतर नऊ दिवस मी जिना उतरले नाही. त्या नऊ दिवसांत मला कळलं की चालणं एकटं पुरणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. गोळी काही महिने घेतली, बोलायलाही जात होते. हे लपवायचं मला कारण दिसत नाही. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतोच.

मनाच्या डॉक्टरांनीच योगासनांची आठवण करून दिली. घरी यूट्यूबवर बघून नव्हे, शिकवणाऱ्या माणसासमोर, खुर्चीत बसून, श्वास न रोखता. आपल्या देशात 24 केंद्रांवर झटक्यानंतरच्या 3959 रुग्णांवर योगाचा मोठा अभ्यास झाला, 2020 साली तो प्रसिद्ध झाला. पुढचे झटके किंवा मृत्यू त्यानं ठामपणे कमी झाले असं त्यात सिद्ध झालं नाही. पण योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटू लागली आणि ते आपल्या रोजच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. कुणाला हा निकाल अर्धामुर्धा वाटेल. मला तो खूप मोठा वाटतो. रोजच्या कामांकडे परतणं म्हणजे काय, हे ज्याच्या हातून पोळपाट काढून घेतला गेलाय त्यालाच कळेल. श्रावणात मी पुन्हा पुरण वाटलं, उभी राहून, मधे एकदा बसून. सगळ्यांनी नेहमीसारखं खाल्लं आणि कुणी कौतुक केलं नाही, आणि तेच मला हवं होतं.

ह्यांच्याबद्दल कमी लिहिलं गेलं. मला वाटायचं भीती माझीच आहे. पण वर्षभर रात्री जागं कोण होतं? बटवा कुणाच्या हातात होता? युनिव्हर्सिटीच्या कचेरीत आयुष्यभर फायली सांभाळलेला माणूस; माझ्या फेऱ्यांची वही त्यांनी तशीच ठेवली आहे, तारीख, बाक, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. शेरा या रकान्यात बहुतेक दिवशी "ठीक." माझ्यामागे एक पाऊल ठेवून चालताना ते माझ्या खांद्यांकडे बघत असायचे, श्वास किती वरखाली होतोय ते. एकदाही त्यांनी विश्वामित्रीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि तिथे पुलावरून रोज लोक मगरी बघायला थांबतात.

सहावा बाक वळणापलीकडे आहे. चौथ्यावरून तो दिसत नाही, मधे मोठं झाड येतं. पाऊस संपल्यावर, हवा धुतल्यासारखी झाली होती त्या दिवसांत, मी चौथ्या बाकाशी थांबले आणि म्हटलं, "तुम्ही इथे बसा. मी जाऊन येते." ते काही बोलले नाहीत. बटव्याची नाडी सोडली, गोळीची डबी आणि फोन माझ्या हातात दिला, डबीचं झाकण नीट उघडतंय ना ते एकदा बघितलं, आणि बसले.

मी वळणापर्यंत पाठीवर त्यांची नजर घेऊन गेले. मग ती सुटली. सतरा एके सतरा. सहाव्या बाकावर दोन मिनिटं टेकले, ठोके उतरेपर्यंत. एक म्हातारे गृहस्थ शेंगा सोलत बसले होते, त्यांनी चार शेंगा पुढे केल्या. उठले, तशीच हळूहळू आले.

झाडाच्या आडून बाहेर आले तेव्हा हे बाकाच्या अगदी कडेला बसलेले होते, रिकामा बटवा दोन्ही हातांत धरून. मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं," म्हणाले, आणि मला बसायला जागा करून सरकले.